कालोची जात कशी जपली जाते? हवाईच्या अळूविषयी एका प्रश्नाला उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. हवाई बेटांवर अळूच्या शेकडो पारंपरिक जाती होत्या आणि त्यांतील बऱ्याच नाहीशा झाल्या, हे आपल्या वाचनात आले. उरलेल्या जातींसाठी तिथे उत्सव भरतात, गड्डे कुटण्याचे जाहीर कार्यक्रम होतात, शाळेची मुले चिखलात उतरतात, हेही आपण वाचले. आपण स्वतः कृषी पदवीधर आहात, म्हणून विचारता की जाती ऊतीसंवर्धनाच्या, म्हणजे प्रयोगशाळेत रोपाच्या लहानशा तुकड्यापासून रोप वाढवण्याच्या, नळ्यांत सुरक्षित ठेवणे पुरेसे नाही का, आणि या उत्सवांचा संवर्धनाशी खरोखर काही संबंध आहे का. शिवाय पुढच्या महिन्यात आपण ओआहू बेटावर मुलीकडे येणार आहात, तेव्हा काय पाहावे, हेही विचारले आहे.

माझे बालपण गुहागर तालुक्यात गेले आणि गेली बावीस वर्षे मी हवाईत कंदपिकांच्या संग्रहांवर काम करते, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी जवळचा आहे. माझे उत्तर असे की नळ्या हव्यातच, परंतु नळीत जपले जाते ते रोप. जात जपायची तर ते रोप लावणारा, ओळखणारा आणि खाणारा माणूसही लागतो. हवाईत ज्या जाती गेल्या, त्यांतील बहुतेक रोगाने गेल्या नाहीत. पाणी तोडले गेले, शेत सुटले, आणि पुढे नाव सांगणारे कोणी उरले नाही, म्हणून त्या गेल्या. हे कसे झाले, ते जरा विस्ताराने सांगते.

हवाईच्या भाषेत अळूला कालो म्हणतात. वनस्पती आपलीच आहे, कोलोकेशिया एस्क्युलेंटा. पॉलिनेशियन दर्यावर्दी आपल्या होड्यांतून जी मोजकी पिके या बेटांवर घेऊन आले, त्यांत कालो होता आणि पुढे तोच तिथला मुख्य आहार झाला. आपल्याकडे अळू म्हटले की आधी पान डोळ्यांसमोर येते, फतफते येते, अळूवडी येते, आणि गड्डा हा उपवासाला किंवा आमटीत घालण्याचा जिन्नस राहतो. तिथे उलट आहे. गड्डा हे अन्न आणि पान ही भाजी. गड्डा उकडून वा वाफवून फळीवर दगडी बत्त्याने कुटतात. पाणी जवळजवळ न घालता कुटलेला जो घट्ट गोळा होतो तो पाइ-आइ, आणि त्यात पाणी मिसळून सैल केली की ती पोई. पोई एक-दोन दिवसांत आंबू लागते आणि ती आंबट चव जुन्या माणसांना विशेष प्रिय असते. पानांना लूआउ म्हणतात. ती नीट शिजली नाहीत तर घसा जो खाजतो, त्याला त्यांच्या भाषेत मानेओ असा स्वतंत्र शब्द आहे. आपली आजी अळूत चिंच किंवा आमसूल घालायची. तिथे चिंच नव्हती, म्हणून ते फार वेळ शिजवत राहतात.

आता आपल्या मुख्य मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. कालोची लागवड बियांपासून होत नाही. गड्डा काढला की त्याचा वरचा जेमतेम बोटाच्या पेराएवढा भाग आणि त्याला जोडलेले वीतभर देठ असा तुकडा कापून ठेवतात. या तुकड्याला हुली म्हणतात आणि तीच पुन्हा चिखलात खोचतात. म्हणजे प्रत्येक जात हे एकच रोप आहे, जे शेकडो वर्षे हातांमागून हात बदलत, कापले जात आणि पुन्हा लावले जात आजवर आले आहे. कालोला क्वचित फुले येतात, बीही धरता येते, परंतु बियांपासून उगवलेले रोप आईसारखे निघत नाही. त्यामुळे भात किंवा गहू जसा कोरड्या, थंड कोठीत बियांच्या रूपाने वर्षानुवर्षे ठेवता येतो, तसा कालो ठेवता येत नाही. हुली काही आठवड्यांत लावली नाही तर ती संपते. दर नऊ ते चौदा महिन्यांनी कोणीतरी ती उचलून पुन्हा लावली पाहिजे, ही या पिकाची अटच आहे. एक पिढी विसरली की जात गेली. मधे सुट्टी नाही.

मग एवढी विविधता आली कुठून? हवाईत आलेली मूळ रोपे फार नसावीत. तिथल्या जातींत २८ गुणसूत्रांचा एकच प्रकार आढळतो, तर भारतात २८ वाली आणि ४२ वाली अशी दोन्ही प्रकारची झाडे सापडतात. हवाईच्या शेतकऱ्यांनी शेकडो हंगाम डोळ्यांत तेल घालून पाहिले की एखाद्या रोपाचा देठ अचानक तांबूस निघाला, एखाद्याच्या पानावर पांढरे शिंतोडे आले, एखादा गड्डा फांद्या फुटल्यासारखा वाढला. कोंबातच झालेला असा बदल त्यांनी वेगळा काढला, वेगळा लावला आणि त्याला नाव दिले. ही नावे मला पहिल्यापासून मोहवीत आली आहेत. मानिनी हा अंगावर उभे पट्टे असलेला मासा, आणि पट्टेरी देठाच्या कालोच्या गटालाही तेच नाव. कूमू हा लाल मासा. लाल देठाच्या जातीला तेच नाव. एलेपाइओ हा जंगलातला छोटा पक्षी, आणि त्याच नावाच्या कालोच्या पानावर हिरव्यात पांढरे डाग विखुरलेले असतात. उआहिआपेले म्हणजे ज्वालामुखीची देवी पेले हिचा धूर. त्या जातीचे पान खरोखरच धुरकटलेले दिसते. आपुवाईचे पान कडेने वर वळून वाटीसारखे होते आणि पावसानंतर त्यात पाणी थांबते. माना गटाचा गड्डा फांद्यांत फुटतो, आणि त्यातल्या माना उलूचा गर पिवळसर असतो, कारण उलू म्हणजे विलायती फणस. पीइआलीइ ही सरदार-राजांच्या पानात असलेली जुनी मानाची जात.

१९३९ मध्ये हवाईच्या कृषी संशोधन केंद्राने व्हिटनी, बोवर्स आणि ताकाहाशी या तिघांचे एक पत्रक प्रसिद्ध केले. योगायोगाने त्याचा क्रमांकही ८४ आणि त्यात वर्णन केलेल्या जातीही ८४. त्यांत बाहेरून आलेल्या काही जाती धरलेल्या आहेत. आज आम्ही सगळे त्या पत्रकाच्या आधारानेच चालतो. त्यापूर्वी तीनशे किंवा त्याहून अधिक नावे प्रचारात होती असा अंदाज केला जातो, परंतु एकाच जातीला वेगवेगळ्या बेटांवर वेगवेगळी नावे असत, त्यामुळे नावांची संख्या म्हणजे जातींची संख्या असे समजू नये. आज हातात असलेल्या मूळ हवाईयन जाती साठ ते ऐंशीच्या दरम्यान मोजल्या जातात.

जात ओळखणे हे वाचून येत नाही, आणि हे मी स्वतःच्या हातून झालेल्या नुकसानीतून शिकले. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी ज्या संग्रहाची देखभाल करीत होते, तिथे एका वादळी पावसात वाफ्यांतल्या पाट्या वाहून गेल्या. आम्ही घाईने कागदावरचा नकाशा पाहून पाट्या परत खोचल्या आणि दोन वाफ्यांची अदलाबदल झाली. पुढे दोन हंगाम आम्ही एका वाफ्यातल्या हुली पिको गटातल्या म्हणून लोकांना वाटल्या. तिसऱ्या वर्षी माउई बेटावरून एक वृद्ध शेतकरी आले. त्यांनी पाटीकडे पाहिले नाही. पूर्ण वाढलेले एक पान हातात घेतले, त्याच्या दोन मागच्या पाळ्यांमधल्या खाचेत बोट ठेवले आणि वर सरकवीत नेले. देठ पानाला जिथे जोडला जातो त्या बिंदूला पिको म्हणजे बेंबी म्हणतात. पिको गटात ही खाच थेट बेंबीपर्यंत चिरलेली असते. त्यांचे बोट बेंबीच्या बरेच अलीकडे अडले. त्यांनी ते पान माझ्या हातात दिले आणि मलाही तसेच बोट फिरवायला लावले. दरम्यान ज्या वाफ्यात खरी पिको होती, तो आम्ही दुय्यम समजून कमी केला होता. त्यातली केवळ चार रोपे उरली होती. ती वाचली, परंतु त्या दोन हंगामांत चुकीच्या नावाने गेलेल्या हुली आजही कोणाच्या तरी शेतात चुकीच्या नावाने वाढत असतील.

त्यानंतर मी पाटीवर विसंबणे सोडले. देठाचा रंग वर, मधे आणि तळाशी वेगवेगळा नोंदवावा लागतो. देठाच्या उघड्या कडेला रंगाची बारीक रेघ आहे का, ते पाहावे लागते. बेंबीचा रंग, हुली कापल्यावर गड्डा आणि देठ यांच्या सांध्यावर दिसणारी कडा, मुळांचा रंग, गराचा रंग, आणि झाड लांब धावते कोंब टाकते की पायाशीच पिल्ले घालते, हे सारे पाहिल्यावर मग नाव. तेही पूर्ण वाढलेल्या झाडावर, कारण कोवळ्या रोपात निम्मी लक्षणे दिसतच नाहीत. जेरी कोनानुई या हवाईयन जाणकारांनी हे ज्ञान लोकांपर्यंत नेण्यात आयुष्य घातले. २०१७ मध्ये ते गेले. जे ज्ञान माणसाच्या बोटांत असते ते नळीत मावत नाही, असे मी म्हणते ते या अर्थाने.

हवाईयन लोक कालोकडे कोणत्या नात्याने पाहतात, हे ठाऊक नसेल तर पुढचे काहीच नीट कळणार नाही. आकाशपिता वाकेआ आणि होओहोकूकालानी यांना पहिले मूल मृत जन्मले. ते घराशेजारी पुरले आणि त्या जागी कालोचे पहिले रोप उगवले. त्याचे नाव हालोआनाकालाउकापालिली, म्हणजे थरथरणाऱ्या पानाचा लांब देठ. दुसरे मूल जिवंत जन्मले, त्याचे नाव थोरल्या भावावरून हालोआ ठेवले, आणि हवाईयन माणसे स्वतःला त्याची संतती मानतात. म्हणजे कालो हा थोरला भाऊ. धाकट्याने थोरल्याची सेवा करायची आणि थोरल्याने धाकट्याला जेवू घालायचे, असा हा व्यवहार आहे. पोईचे भांडे उघडले की घरात भांडण करायचे नाही, कारण थोरला समोर बसला आहे, ही रीत आजही पाळणारी घरे मी पाहिली आहेत. कुटुंबाला हवाईयन भाषेत ओहाना म्हणतात, आणि तो शब्द ओहा यापासून, म्हणजे मूळ गड्ड्याच्या भोवती फुटणाऱ्या पिल्लांपासून आला आहे. आपण केळीच्या बाबतीत आई आणि पिल्ले म्हणतो, तसेच.

आता पाण्याकडे वळते, कारण जातींचा खरा कोंडमारा पाण्याने झाला. ओला कालो ज्या खाचरात वाढतो त्याला लोई म्हणतात, आणि ओढ्यातून लोईपर्यंत आणलेल्या पाटाला आउवाई. भाताच्या खाचरात पाणी साठून राहिले तरी चालते. लोईत ते वाहतेच असावे लागते. वरच्या खाचरातून खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात, आणि शेवटी पुन्हा ओढ्यात. पाणी थांबले की तापते, आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अभ्यासात २७ अंश सेल्सियस हा उंबरठा मानला आहे, ज्याच्या वर गड्डे कुजण्याचे रोग बळावतात. पाण्यात हात घालून चटका वाटावा असे हे तापमान नव्हे. हाताला ते कोमटही धड वाटत नाही. गड्डा मात्र आतून पाणचट होऊन सडायला लागतो. हवाईयन भाषेत वाई म्हणजे पाणी, वाइवाई म्हणजे संपत्ती आणि कानावाई म्हणजे कायदा. आउवाईची डागडुजी ज्याने जितकी केली त्या मानाने त्याला पाणी, असा जुना शिरस्ता होता.

युरोपीय जहाजे १७७८ पासून येऊ लागली आणि त्यांच्याबरोबर आलेल्या रोगांनी लोकसंख्या झपाट्याने घटली. खाचरे कसणारे हात कमी झाले. १८४८ च्या माहेले नावाच्या जमीनवाटपाने जमीन खासगी मालकीची झाली आणि सामान्य कसणाऱ्यांच्या वाट्याला तिचा फार थोडा भाग आला. मग उसाचे मळे आले. पूर्व माउईच्या ओल्या डोंगरउतारावरचे ओढे १८७० च्या दशकापासून कालव्यांनी वळवून बेटाच्या कोरड्या मध्यभागातल्या उसाला दिले गेले. काही खोऱ्यांत जुन्या लोईत भात लावला गेला. एके काळी सुमारे २०,००० एकरांवर कालो होता असा अंदाज आहे. आज तो काही शे एकर आहे. आणि त्या उरलेल्या क्षेत्रातही पोईच्या कारखान्यांना सोयीच्या दोन-तीन जातींचेच राज्य आहे, मुख्यतः माउई लेहुआ आणि मोई. माउई लेहुआला मी नावे ठेवणार नाही. तिची जांभळट पोई सुंदर असते आणि तिने कालोशेती तगवून धरली. परंतु जे खाचर पूर्वी आठ जाती सांभाळत असे, ते एका जातीचे झाले की बाकीच्या सात कुठे जाणार?

एका जातीवर विसंबण्याची किंमत सामोआ या बेटराष्ट्राने मोजली. तिथे नियुए नावाची एकच जात निर्यातीसाठी सर्वत्र लावलेली होती. १९९३ मध्ये पानांवरचा करपा तिथे पोहोचला आणि थोड्याच काळात निर्यात जवळजवळ थांबली. त्यांना सावरता आले ते इतर देशांतल्या सोशिक जाती आणून त्यांच्याशी संकर केल्यामुळे, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आपली विविधता राखली होती म्हणून. हा करपा आपल्याला नवा नाही. फायटोफ्थोरा कोलोकॅसिई या त्याच्या कारकावर बटलर आणि कुलकर्णी यांनी भारतात १९१३ मध्येच निबंध लिहिला होता. हवाईतही तो आहे. पावसाळ्यात रात्रभर पाने ओली राहिली की आपल्या कोकणातल्या अळूवर जे गोल, पाणी शोषल्यासारखे तपकिरी डाग पसरतात, तेच डाग मी हवाईत पाहते.

या करप्यावर उपाय म्हणून हवाई विद्यापीठाने माउई लेहुआचा पलाऊ बेटांवरच्या जातीशी साध्या परागीकरणाने संकर करून तीन नव्या जाती काढल्या आणि २००२ मध्ये त्यांचे पेटंट घेतले. शेतकऱ्याने परवाना घ्यायचा आणि स्वामित्वशुल्क भरायचे, अशी ती व्यवस्था होती. पैदासकार म्हणून मला त्या संकरांत शास्त्रीय दोष दिसत नाही. परंतु थोरल्या भावाची मालकी कोणाकडे असू शकत नाही, हे हवाईयन शेतकऱ्यांचे म्हणणे मला तेव्हाही पटले आणि आजही पटते. त्यांच्या आंदोलनानंतर २००६ मध्ये विद्यापीठाने ती पेटंट सोडून दिली. हुली मोफत देण्याघेण्याची जी रीत सगळ्या जाती जगवीत आली होती, तिलाच या व्यवस्थेने धक्का बसला असता. पुढे कालोला राज्याची अधिकृत वनस्पती म्हणून मान मिळाला.

पाण्याची लढाई त्याहून लांब चालली. १९७८ च्या घटनादुरुस्तीने पाणी हे जनतेच्या वतीने शासनाने सांभाळायची ठेव ठरले. २००० मध्ये ओआहूवरच्या वाइआहोले कालव्याच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते तत्त्व बळकट केले. आणि २०१८ मध्ये राज्याच्या जल आयोगाने पूर्व माउईतल्या, कालो पिकवणाऱ्या खोऱ्यांतल्या ओढ्यांना पाणी परत सोडण्याचा निर्णय दिला. संवर्धनाच्या चर्चेत न्यायालयाचे निकाल सहसा येत नाहीत. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत कालोच्या जातींसाठी झालेले सर्वांत मोठे काम हेच आहे.

आता उत्सवांविषयी. आपली शंका रास्त आहे, कारण नुसत्या पताका लावून कोणतेही पीक वाचत नाही. परंतु माउईवर हाना येथे भरणारा पूर्व माउईचा कालो उत्सव किंवा मोलोकाई बेटावर संशोधन शेतात होणारे पाहणीचे दिवस पाहिले, तर खरा व्यवहार कडेला, झाडाखाली चालू असलेला दिसतो. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या हुलींच्या जुड्या घेऊन लोक येतात. एकाकडे लाउलोआ आहे, दुसऱ्याला हवी आहे. तो बदल्यात मानिनी देतो आणि आपल्या आजोबांच्या खोऱ्यात तिला काय म्हणत, तेही सांगतो. जात एका शेतातून पाच शेतांत जाते, आणि तिच्याबरोबर तिचे नावही जाते. कोणताही शासकीय वितरण कार्यक्रम इतक्या स्वस्तात आणि इतक्या विश्वासाने हे करू शकत नाही.

दुसरा परिणाम ताटातला. हाताने कुटलेला पाइ-आइ विकणे आरोग्य नियमांनुसार बेकायदा ठरत होते, कारण लाकडी फळी आणि सच्छिद्र दगड प्रमाणित स्वयंपाकघराच्या व्याख्येत बसत नव्हते. कुटणाऱ्या तरुणांनी आमदारांसमोर फळ्या मांडून कुटून दाखवले आणि २०११ मध्ये काही अटींवर त्याला परवानगी देणारा कायदा झाला. कारखान्यातल्या यंत्राला एकसारखा गड्डा लागतो. हाताने कुटणाऱ्याला फरक हवा असतो. तो पीइआलीइ मागतो, लाउलोआ मागतो, गिऱ्हाइकाला सांगतो की आजची पोई कोणत्या जातीची आहे. मी स्वतः माना उलू वाफवून नारळाच्या दुधात कुलोलो करते. आपल्या खरवसाला आणि सांदणाला एकत्र आठवावे असा तो घट्ट, गोड पदार्थ असतो, आणि माउई लेहुआच्या गड्ड्याला माझ्या हातून तरी तो पोत येत नाही. काउआई बेटावर वाइपा येथे दर आठवड्याला स्वयंसेवक मिळून गड्डे सोलतात, पोई करतात आणि परवडणाऱ्या दरात कुटुंबांना देतात. खाणारा असेल तरच लावणारा टिकतो.

नळ्यांची जागा यानंतर येते, आणि ती महत्त्वाची आहे. ओआहूवरच्या लायन उद्यानाच्या प्रयोगशाळेत हवाईच्या वनस्पतींचे ऊतीसंवर्धन होते, आणि फिजीत सुवा येथे प्रशांत महासागरातल्या सर्व देशांच्या अळूजातींचा नळ्यांतला संग्रह आहे. कोंबाच्या टोकाचा अगदी सूक्ष्म भाग घेऊन वाढवला तर मोझॅकसारखे विषाणू मागे टाकून स्वच्छ रोप मिळते. शेतात हे शक्य नाही. आणि आपत्तीत तीच शेवटची आशा असते. एप्रिल २०१८ मध्ये काउआईवर वाइपा येथे चोवीस तासांत १,२६२ मिलिमीटर पाऊस पडला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला झालेला ९४४ मिलिमीटर पाऊस आपल्याला आठवत असेल, त्यावरून कल्पना करा. शेजारच्या हानालेईत, जिथे राज्यातला बहुतांश पोईचा कालो पिकतो, खाचरे गाळाने भरली. म्हणून माझा आग्रह असतो की प्रत्येक जात निदान तीन जागी असावी आणि त्यांपैकी दोन वेगवेगळ्या बेटांवर. नळी ही चौथी जागा. नळीतून काढलेले रोप मात्र शेतात पूर्ण वाढवून, जुन्या वर्णनाशी ताडून पाहिल्याशिवाय त्याला नाव देऊ नये, कारण नळीतही पाट्या चुकतात आणि पेशी बदलतात.

एका गोष्टीने या देवाणघेवाणीवर मर्यादा आणली आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस खाण्यासाठी म्हणून आणलेली एक गोड्या पाण्यातली मोठी गोगलगाय लोईत शिरली. ती गड्डे कुरतडते, आणि देठावर तिच्या गुलाबी अंड्यांचे घोस चिकटलेले असतात. हुली दुसऱ्या खोऱ्यात नेताना ती धुऊन, जुनी साल आणि मुळे खरवडून, एकेक देठ पाहून द्यावी लागते. काही शेतकरी बदके पाळतात, काही पाणी सोडून गोगलगायी हाताने वेचतात. दोन्ही करावे लागते.

ओआहूवर आल्यावर आपण विद्यापीठाच्या परिसरातल्या कानेवाई येथील लोईत अवश्य जा. १९८० च्या सुमारास विद्यार्थ्यांनी जुनी आउवाई शोधून, गाळ उपसून ही खाचरे पुन्हा वाहती केली. तिथे ठरावीक दिवशी कोणालाही कामाला येता येते. हेएइआ येथे त्याहून फार मोठ्या, सुमारे ४०० एकरांच्या पाणथळ जागेत कालो परत आणला जात आहे. तिथून दिसणारा डोंगर, खाली खाचरे आणि पुढे समुद्र पाहिला की आहुपुआआ म्हणजे डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतची एकच जमीन हा विचार शब्दांशिवाय समजतो. जुने कपडे आणि कोरडा जोड बरोबर ठेवा. बांधावरून चाला, बांध नुकताच घातलेला असेल तर विचारून पाय ठेवा. आपल्याला कोणी हुली दिली तर ती मुलीच्या अंगणात ओआहूवरच लावा. भारतात नेऊ नका, आणि भारतातून अळूचे कांदेही आणू नका. दोन्हीकडे तपासणी असते आणि ती असायलाच हवी, कारण प्रशांत महासागरातल्या काही देशांतले अळूचे विषाणू हवाईत अजून आलेले नाहीत. अंगणात लावलेल्या हुलीजवळ पाटी लावाच, परंतु देणाऱ्याचे नाव, खोरे आणि तारीख वहीतही लिहा, आणि पाच-सहा महिन्यांनी पान पूर्ण वाढले की त्याच्या खाचेत बोट फिरवून ते बेंबीपासून किती अंतरावर थांबते, ते मला कळवा. छायाचित्रात देठाचा तळ आणि पानाची मागची बाजू दोन्ही आली, तर बहुतेक मी नाव सांगू शकेन.